घरघरीची नोंद

(द्वितीय वर्ष कला)

यंदा आमच्या मानसशास्त्राच्या तासाला पार्किन्सनच्या आजाराचा विषय निघाला. १९६० साली व्हिएन्ना येथे एरिंगर आणि हॉर्निकिविच या दोघा संशोधकांनी मृत रुग्णांच्या मेंदूतील काही भाग तपासले आणि त्यांत डोपामिन हे रसायन फारच कमी असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्या शोधाच्या आधारे रुग्णांना एल-डोपा देण्यात आले आणि जखडून गेलेली माणसे हालचाल करू लागली. सर हे सांगत असता मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, मेलेल्या मेंदूवरून जिवंत माणसाचं काय कळणार?" वर्ग हसला, तास संपला.

पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा मला थोडाफार अधिकारही आहे. माझे वडील एका सरकारी रुग्णालयाच्या शवागारात कामाला आहेत. मैत्रिणींना मी आजवर 'दवाखान्यात नोकरीला आहेत' एवढेच सांगत आले.

प्रथम मी प्रश्न विचारणाऱ्याची बाजू घेते. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाइतके; पण प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि गाठीला जवळजवळ काहीच ठेवीत नाही. त्याचे पोट हातावरचे! रक्तप्रवाह थांबला की काही मिनिटांतच पेशींना शक्ती पुरवणारे एटीपी संपत येते आणि लॅक्टिक आम्ल वाढू लागते. खरी गोम अशी की, सगळी कामे एकदम बंद पडत नाहीत. गाबा नावाचे रसायन तयार करणारा विकर, म्हणजे एन्झाइम, आपले काम चालूच ठेवतो. मात्र ते रसायन मोडण्याचे काम प्राणवायूवाचून अडून बसते. साहजिकच मृत्यूनंतर गाबा वाढलेलाच सापडतो. प्रयोगशाळेतील उंदरांच्या बाबतीत यावर उपाय आहे. त्यांच्या डोक्यावर सूक्ष्मलहरींचा तीव्र झोत सोडतात. एक-दोन क्षणांत विकर निकामी होतात आणि रसायने होती तेथेच थांबतात. माणसाला हे कसे करणार? तेथे कागदपत्रे आणि नातलग येईपर्यंत तास उलटतात.

मग व्हिएन्नाचा शोध खोटा काय? मुळीच नाही. तेथे ज्यांना हा आजार नव्हता अशा माणसांचे मेंदूही मृत्यूनंतरच तपासले होते. थांबणे दोन्हीकडे होते. आजारी मेंदूतील घट इतकी मोठी होती की केवळ उशिराने तिचा उलगडा होत नव्हता.

सगळेच इतके सरळ सुटत नाही. १९७७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी जाहीर केले की, स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या मेंदूत गाबा तयार करणारा विकर कमी आढळतो. मोठीच बातमी! परंतु न्यूमोनियासारख्या आजाराने जो माणूस झिजत झिजत जातो, त्याच्या मेंदूत हा विकर तसाही कमी होतो. अचानक गेलेल्याच्या मेंदूत तसे होत नाही. सारख्याच प्रकारे गेलेल्यांची एकमेकांशी तुलना केली, तेव्हा तो फरक उरला नाही. मेंदूची आम्लतासुद्धा मृत्यूनंतर किती तास गेले यापेक्षा मृत्यू कसा आला, यावरच अधिक अवलंबून असते.

हे वाचले आणि मला अण्णांचे रजिस्टर आठवले. त्यात नाव, वय, गाव, आणणाऱ्याची सही आणि आणल्याची वेळ असे रकाने आहेत. आणल्याची वेळ! गेल्याची नव्हे. चौथी शिकलेले अण्णा घड्याळात पाहून ती मिनिटासकट लिहितात. यावरून "मेलेल्याचं एवढं काय टिपायचं?" असे म्हणून त्यांची चेष्टाही झाली आहे. पण सोबत आलेली माणसे दाराशी बसून जे बोलतात, त्याला रकानाच नाही. "पहाटे कोंबडं आरवायच्या येळेला गेली." "तीन दिस घरघर लागली हुती." आपण ज्याला घरघर म्हणतो, तीच गोष्ट मेंदूतल्या आम्लात आणि विकरात उमटते. ती अण्णांच्या कानावर पडते आणि तेथेच संपते.

उन्हाचेही तसेच. 'आठ तास' असा आकडा लिहिला की काम भागले असे वाटते. पण व्हिएन्नाच्या हिवाळ्यातले आठ तास आणि आमच्याकडे मे महिन्यात, वीज गेलेली असताना काढलेले आठ तास एकच कसे? थंडीत रसायनांची मोडतोड मंदावते, उन्हात ती भराभर होते. देह थंड खोलीत केव्हा गेला हे लिहिलेले नसेल, तर त्या 'आठ'ला अर्थ किती राहिला?

कोणी म्हणेल, तालुक्याच्या गावी कोण मेंदू तपासतो? खरे आहे, आज कोणी तपासत नाही. पण बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदू जतन करणारी पेढी आहे. परदेशातल्या देहांवरून काढलेले आकडे आपण पाठ करावेत आणि आपल्या माणसांचे मरण मात्र 'पहाटे केव्हातरी' एवढ्यावर सोडून द्यावे, हे मला पटत नाही. यासाठी लाखोंची यंत्रे नकोत. मृत्यूची वेळ, आधीचे आजारपण किती लांबले आणि थंड खोलीत ठेवल्याची वेळ, एवढे तीन रकाने वाढवले तरी पुष्कळ झाले. ते भरणारा माणूस चतुर्थ श्रेणीतला असला, तरी संशोधनातला पहिला आकडा त्याच्याच हातचा असेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी एका कोऱ्या वहीत हे रकाने आखून अण्णांना दाखवले. सरकारी रजिस्टरात ते घालता येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी चष्मा लावून एकेक रकाना वाचला. घरघरीपाशी ते थांबले. मी म्हटले, "पण अण्णा, रडणाऱ्या माणसाला हे विचारायचं कसं?"

"इचारायचं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "पाण्याचा तांब्या द्यायचा आन् गप बसायचं. मानसं आपनहून सांगत्यात."