आजोबांची ठासणीची बंदूक 'रील'मध्ये चालते का?

दसऱ्याला शस्त्रपूजन झालं की घरातल्या जुन्या बंदुकीसोबत व्हिडिओ काढायचा मोह होतो. कुणी बाटली फोडतं, कुणी आरशात बघून मागे नेम धरतं. त्याखाली ठरलेली कमेंट असते: 'जुनी आहे, लायसन लागत नाही.'

हे चूक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ बंदुकीचं वय बघत नाही, ती चालते का ते बघतो. कलम ४५ मधली सूट जुनाट, पुरातन किंवा मोडक्या हत्याराला आहे. तीही दुरुस्त करूनसुद्धा त्यातून बार निघणार नसेल तरच. ज्या बंदुकीतून रीलमध्ये बार निघाला, तिला सूट नाही, हे त्या रीलनेच सिद्ध केलं!

नांदेड-लातूर पट्ट्याला ही हत्यारं नवी नाहीत. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांकडे १९४८ मध्ये अशाच भरमार बंदुका होत्या. आज किनवट-माहूरच्या जंगलालगत रानडुकरं पिकात घुसतात. कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचं वेगळं नाव येतं ते याच कारणाने, पीकरक्षणासाठी. अर्थात हा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे; त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

विनापरवाना बंदूक बाळगली तर २ ते ५ वर्षं कैद. परवाना असूनही लग्नात, मिरवणुकीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लातूरला लागून असलेल्या बीडमध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर हवेत गोळीबाराचे व्हिडिओ गाजले आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले.

कायदा बाजूला ठेवला तरी ठासणीची बंदूक करामतीसाठी वाईटच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे, मग गजाने ठासायचं. दारू अंदाजाने जास्त पडली तर नळी फुटते. दारू दमट असेल तर घोडा ओढल्यावर बार क्षणभर उशिरा उडतो. 'उडालाच नाही' म्हणून कुणी नळीत डोकावलं की संपलं. नळी आतून गुळगुळीत असल्याने लांबचा नेमही भरवशाचा नाही.

नेमबाजी शिकायचीच असेल तर रायफल क्लबची रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. बाटली त्यापुढे खूपच मोठी!

आणि घरात खरंच आजोबांची बंदूक असेल, परवानाधारक हयात नसेल, तर? ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा. एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून.