हाडाची काडे

‘तिने संसारासाठी हाडाची काडे केली’ हे वाक्य आपण किती सहज लिहून जातो! प्रथम वर्षाला असताना ‘माझी आई’ या निबंधात मीही ते लिहिले होते आणि सरांनी त्याखाली लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिला होता. आज तृतीय वर्षाला, मराठी हाच मुख्य विषय घेऊन बसलेली असताना, तो शेरा परत करावा असे मला वाटते. कारण मी ते वाक्य लिहीत होते त्या दिवसांत माझ्या आईची हाडे खरोखरच पोकळ होत चालली होती, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

सहा वर्षे तिचे अंग दुखत होते. मांड्या दुखत, पाठ दुखे, जिना चढताना ती कठड्याला धरून मध्येच उभी राहायची. तहान सारखी लागायची. दोनदा मुतखडा झाला. एकदा नळावरून आणलेला हंडा उतरवताना मनगट मोडले. एका डॉक्टरांनी ‘वय’ सांगितले, दुसऱ्यांनी ‘पाळी जायची वेळ’, तिसऱ्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरांना तरी काय बोलावे? मी स्वतः ‘जरा पडून राहा ना’ असे म्हणून कादंबरीत डोके घातले होते. बायकांनी झिजायचेच असते, ते झिजणे वंदनीय असते, असे आपल्या भाषेनेच ठरवून टाकले आहे. वंदनीय गोष्टीची तपासणी कोण करतो?

दुसऱ्या मुतखड्याच्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक साधी रक्ततपासणी लिहिली. कॅल्शियम आले १२.१. ते साधारण साडेआठ ते साडेदहाच्या आत असावे लागते. म्हणजे आईच्या शरीरात कॅल्शियम कमी नव्हतेच. ते हाडांतून निघून रक्तात उतरत होते आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन खडे होत होते. आणि आम्ही तिला वर कॅल्शियमच्या गोळ्या चारत होतो!

गळ्यात अवटू, म्हणजे थायरॉइड ग्रंथी असते, हे आपण शाळेत शिकतो. तिच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटू ग्रंथी असतात, हे मात्र मला ठाऊक नव्हते. रक्तातले कॅल्शियम राखणे हे त्यांचे काम. त्यांतली एखादी वाढली की ती हाडांकडून वसुली करतच राहते. या ग्रंथींचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला, त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी प्रथम दिसली. १८६२ साली त्यांचे ते वर्णन छापले गेले. माणसाच्या गळ्यात त्या दाखवून दिल्या त्या इव्हार सँडस्ट्रॉम या उप्साला येथील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, १८८० साली. (विद्यार्थ्याने! आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.)

पण ग्रंथी ठाऊक असणे निराळे आणि ती सापडणे निराळे. चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाज-कप्तान होता. या रोगाने त्याची हाडे इतकी खचली की त्याची उंची सुमारे सात इंचांनी कमी झाली. १९२६ पासून शल्यविशारदांनी त्याचा गळा पुन्हा पुन्हा उघडला. रोगट ग्रंथी मिळेना. अखेर तो स्वतःच ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तके वाचू लागला आणि छातीत शोधा, असा आग्रह धरू लागला. १९३२ साली, सातव्या शस्त्रक्रियेत, ती छातीतच सापडली. दीड महिन्याने तो वारला. सात वेळा! मला हा कप्तान आईच्या आजारपणात फार आठवला. त्याच्या काळी शरीर उघडल्यावाचून आत पाहायची सोय असती तर?

ती सोय आज आहे, आणि तिचे नाव ऐकूनच आमच्या घरात गोंधळ उडाला. मुंबईला नेऊन ‘न्यूक्लिअर स्कॅन’ करायचा, अणूचे औषध शिरेतून टोचायचे, हे कळताच आजीने पदर डोळ्यांना लावला. “अगं, जपानवर टाकला तोच ना गं तो? सुनेच्या अंगात टोचायचा?” मी आजीला हसले नाही. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी ‘विज्ञान : शाप की वरदान’ अशी वक्तृत्व स्पर्धा होते, तिथे पदवीचे विद्यार्थी यापेक्षा फारसे वेगळे बोलत नाहीत. एक बाजू हिरोशिमा म्हणते, दुसरी चंद्र म्हणते, आणि परीक्षक घड्याळाकडे पाहतात.

टोचतात ते टेक्नेशियम. १९३७ साली पालेर्मोला सेग्रे आणि पेरिए यांनी हे मूलद्रव्य प्रथम ओळखले. वैद्यकात वापरतात तो त्याचा प्रकार दर सहा तासांनी निम्मा होतो. म्हणजे एका दिवसात तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. इतक्या अल्पायुषी वस्तूचा साठा करता येत नाही, म्हणून अणुभट्टीत तयार झालेले मॉलिब्डेनम रुग्णालयात आणतात आणि त्यातून रोज टेक्नेशियम काढून घेतात. तिथली मंडळी त्या उपकरणाला ‘गाय’ म्हणतात आणि त्या क्रियेला ‘दूध काढणे’! आजीला हे सांगितल्यावर तिचा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा, हा किरणोत्सर्ग निसर्गातून दोन-तीन वर्षांत अंगाला मिळतो साधारण तेवढाच असतो, हे मामाने समजावल्यावर गेला. तो अगदी निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणत नाही. गरोदर बाईला असा स्कॅन शक्यतो टाळतातच. पण तो मोजलेला असतो. आईची हाडे मात्र सहा वर्षे कोणी मोजली नव्हती.

टेक्नेशियमला सेस्टामिबी नावाच्या द्रव्याशी जोडतात. हे द्रव्य मुळात हृदयाच्या तपासणीसाठी निघाले. परावटूसाठी त्याचा उपयोग १९८९ च्या सुमारास ध्यानात आला. अलीकडे फ्लुओरोकोलीन वापरून जो पेट स्कॅन करतात त्याचेही तसेच : पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचा शोध घेताना परावटू चमकलेली दिसली, आणि आता सेस्टामिबीला न सापडलेल्या लहान गाठीही त्यात सापडतात. गेंड्यापासून आजपर्यंत ही ग्रंथी लोकांना दुसरेच काही शोधताना दिसत आली आहे. आमच्या आईचे दुखणे तरी काय, मुतखडा शोधतानाच सापडले.

आईला टोचल्यावर थोड्या वेळाने एक चित्र घेतले, त्यात अवटू फुलपाखरासारखी उजळली होती. दोन तासांनी पुन्हा घेतले तेव्हा फुलपाखरू विझले होते आणि डाव्या बाजूला खाली एकच ठिपका उरला होता. यंत्रापुढे हात जोडायचा मोह मला झाला; पण डॉक्टरांनीच तो मोडला. रोग आहे की नाही हे रक्त सांगते, म्हणाले, स्कॅन फक्त तो कुठे बसला आहे ते सांगतो. ठिपका दिसला नाही म्हणून रोग नाही, असे होत नाही.

माझे भांडण इथेच आहे. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकात रक्ततपासणीची स्वयंचलित यंत्रे आल्यापासून हा रोग बहुधा हाडे दुखण्याआधीच पकडला जातो. आपल्याकडे अजूनही रुग्ण मोडलेली हाडे आणि मुतखडे घेऊन येतात. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालचे आहे. म्हणजे अणूचे वैद्यक आपल्याकडे काल आलेले नाही. अडते ते त्याच्या पुष्कळ अलीकडे. कॅल्शियमची तपासणी आमच्या तालुक्याच्या गावी होते, तिला ना अणुभट्टी लागते ना मुंबईचे तिकीट. ती लिहून द्यायला, बाई ‘दुखते’ म्हणते ते खरे मानावे लागते, एवढेच. पंचेचाळिशीच्या बाईला ‘वय झाले’ असे सांगण्यापूर्वी ही एक तपासणी करावी, आणि डॉक्टरांनी लिहिली नाही तर आपण मुलामुलींनी ती मागावी. कथा-कवितेतून आईच्या झिजण्याचे सोहळे करण्याआधी मागावी.

शस्त्रक्रियेत बोराएवढी गाठ निघाली. त्यानंतर एक नवलच घडले. आईचे कॅल्शियम भराभर उतरले, बोटांना मुंग्या आल्या, दोन दिवस शिरेतून कॅल्शियम द्यावे लागले. वसुली थांबताच हाडे आपले गेलेले धन रक्तातून ओढून घेऊ लागली होती. डॉक्टरी भाषेत याला ‘भुकेले हाड’ म्हणतात. आता तीच कॅल्शियमची गोळी ती रोज घेते, आणि या वेळी ती खरोखर लागते. जिना चढताना कठडा धरते, पण मध्ये थांबत नाही. ठिपक्याचे ते चित्र तिने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले आहे, आणि कोणी बाई गुडघे धरून दारात आली की चहाच्या आधी ते बाहेर काढते.