नुसता अपघात म्हणायचं का?

"मुद्दाम का कुणी केलंय? नशिबातच होतं." अपघातात माणूस गेलेल्या घरी भेटायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. पण मैत्रिणींनो, कायदा 'मुद्दाम केलं का?' एवढंच विचारून थांबत नाही. 'असं होऊ शकतं हे त्याला माहीत होतं का?' हेही तो विचारतो.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे काय झालं, आठवतंय? दारू प्यायलेल्या तरुणाची भरधाव गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने तो निष्काळजीपणा धरला. शिक्षा किती? सहा महिने! मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच तो निकाल बदलला. दारू पिऊन अशी गाडी हाकली तर कुणाचा तरी जीव जाईल, हे कुणालाही कळतं. कळत असून केलं, म्हणजे तो सदोष मनुष्यवध. शिक्षा तीन वर्षांची झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हा फरक तसाच आहे. कलम १०६ खाली निष्काळजीपणाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पूर्वी ती दोनच वर्षं होती. जीव जाऊ शकतो हे जाणून केलेल्या कृत्याला कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत.

आता आपल्या गावात बघा. शाळेच्या रिक्षात कोंबलेली पोरं, गल्लीत लोंबकळणारी विजेची तार, शाळेची तडे गेलेली भिंत. सगळ्यांना दिसतं, सगळे बोलतात. उद्या काही झालं तर मात्र "आम्हाला कल्पनाच नव्हती" म्हणायला सगळे मोकळे! कोर्टात 'माहीत होतं' हे सिद्ध करावं लागतं, आणि तिथेच बरेचदा घोडं अडतं.

म्हणून तोंडी सांगून गप्प बसू नका. चार जणींनी सह्या करून अर्ज द्या, तारीख घाला, शिक्का मारलेली पोच जपून ठेवा. मग "माहीत नव्हतं" म्हणणं अवघड जातं. अर्जाने गेलेला माणूस परत येत नाही, हे खरंच. पण वेळेवर दिलेल्या अर्जाने एखादं पोर वाचू शकतं.