मीराबेनच्या गावात बीथोवन वाजू द्या

सेवाग्रामला पाहुणे आले की आपण त्यांना बापूकुटी दाखवतो. ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधली होती, हेही सांगतो. पण मॅडेलिन स्लेड नावाची ही इंग्रज मुलगी इथवर पोचली ती बीथोवनच्या मागे मागे, हे मात्र सांगायचं राहून जातं.

बीथोवनच्या पियानो-संगीतानं तिला लहान वयातच झपाटलं. लंडनमध्ये तिनं फ्रेडरिक लॅमंड या पियानोवादकाच्या मैफली भरवल्या. बीथोवनवर लिहिणाऱ्या रोमाँ रोलाँ यांना ती भेटायला गेली आणि त्यांनी तिला गांधींविषयी सांगितलं. 1925 मध्ये ती साबरमतीला आली. डिसेंबर 1931 मध्ये गांधीजी स्वित्झर्लंडला रोलाँ यांच्या घरी गेले, तेव्हा रोलाँ यांनी त्यांना पियानोवर बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचा संथ भाग वाजवून दाखवला. गांधीजींनीही विद्यार्थीदशेत लंडनला 3 पौंडांचं व्हायोलिन घेतलं होतं. ते काही महिन्यांतच सुटलं, पण तेवढं त्यांना माफ!

आता आपल्याकडे पाहू. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव... पन्नास माणसं एका खोलीत बसून, कर्ण्याशिवाय वाद्यं ऐकताहेत, असं शेवटचं कधी पाहिलं? दिवाणखान्यातली बैठक मंगल कार्यालयात गेली, तिथून ती डीजेच्या भिंतीआड गेली. माळ्यावरच्या व्हायोलिनची घोडी पडली आहे, तारा गंजल्या आहेत. शिकवणारे थकले आहेत. खोलीतली मैफल आपल्या डोळ्यांदेखत संपते आहे.

ती का जपायची? व्हायोलिन, चेलो आणि पियानो अशी तिघंच वाजवत असतात तेव्हा समोर छडी घेऊन कुणी उभं नसतं. सुरुवातीला व्हायोलिनवाला मान किंचित उचलून श्वास घेतो, आणि त्या श्वासावर तिघं एकदम उतरतात. तारेवर गज टेकल्याची राळेची खरखर तिसऱ्या रांगेतही ऐकू येते. ध्वनिक्षेपक लावला की हे सगळं एका पातळीत सपाट होतं. ऐकून घेणं, थांबणं, दुसऱ्याला वाट देणं पोरांना शिकवायला याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

‘हे मुंबईचे चोचले’ असं कुणी म्हणेल. पण मुंबईतही ते आपोआप झालं नाही. 1934 मध्ये वॉल्टर कॉफमन हा संगीतकार मध्य युरोपातून तिथे आला आणि त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. आकाशवाणीची जी ओळखधून ऐकत आपल्या आईवडिलांच्या पहाटा उजाडल्या, तिचं श्रेयही कॉफमनलाच दिलं जातं. म्हणजे तंतुवाद्यांचा हा मेळ आपल्या स्वयंपाकघरात केव्हाच येऊन बसला होता!

तेव्हा मंडळी, कामाला लागू. आधी माळे उघडू. सापडलेलं व्हायोलिन उन्हात ठेवू नका. आपल्या मे महिन्यात सरस सुटतो आणि फळी उकलते. खुंट्या घसरत असतील तर थोडा खडू लावा. तारा नव्या मिळतात.

मैफल हिवाळ्यात घेऊ. पियानोला दोनशेहून जास्त तारा असतात आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो स्वरात ठेवणं जिवावर येतं. कुणाकडे खरा पियानो असेल तर सोनंच. नसला तर 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो भाड्यानं आणू. नाक मुरडणाऱ्यांना चहा जास्त देऊ. वाजवणारे नागपुराहून येतील, मुंबईहूनही येतील. पण त्यांचं मानधन आणि प्रवासखर्च आपण वर्गणीतून आधी जमवायचा, ‘कलेची सेवा’ म्हणून फुकट मागायचं नाही. पहिल्या भागात बीथोवन, दुसऱ्या भागात आपल्याच गावच्या पोरीचा व्हायोलिनवर यमन, असं ठेवलं तर काय बिघडलं?

शिक्षकांनी शाळेचा एक वर्ग उघडावा. डॉक्टर-वकिलांनी दिवाणखाना द्यावा. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनी शेजारचं एक मूल सोबत आणावं आणि पुढच्या सतरंजीवर बसवावं.

डिसेंबर फार लांब नाही. बोला, पहिली खोली कोण देतंय?