सहावा बॉलर

गेल्या शनिवारी बेत होता ताम्हिणीचा, पण पोचलो फक्त माले गावापर्यंत. पिरंगुट, पौड मागे टाकलं, मुळशी धरणाच्या अलीकडे चहाला म्हणून थांबलो, आणि शेजारच्या भातखाचरात टेनिस बॉलच्या मॅचेस चालू दिसल्या. भात कापून झालेला, दोन-तीन खाचरं सपाट केलेली, पलीकडचा बांध म्हणजे बाउंड्री. लाउडस्पीकरवर कॉमेंट्री. मग कसलं ताम्हिणी आणि कसलं काय!

शेवटच्या ओव्हरमध्ये नऊ रन हवे होते. बॉलिंग करणाऱ्या टीमचा हुकमी बॉलर आधीच लंगडत बाहेर बसलेला. दोन मिनिटं नुसती चर्चा. बॉल कोणालाच नको होता. शेवटी कीपर स्टंपमागून पुढे आला आणि म्हणाला, "आण इकडं." पस्तिशीचा, जरा सुटलेला गडी. हात खांद्याच्याही खाली ठेवून त्याने सहा बॉल असे काही सरपटवले की बॅट्समनला एकही उचलता आला नाही. पाच रन गेले. मॅच जिंकली.

माझ्या शेजारचे मामा खूश. "केदार जाधवच झालाय जनू! आमचा कीपर हाय त्यो, सायेब. आजपासनं बॉलर पन."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण शुक्रवारी संध्याकाळी माझ्या मॅनेजरने मला एक जुनं मोड्यूल 'ऑफर' केलं होतं. पंधरा वर्षांपूर्वीचा कोड, लिहिणारे सगळे सोडून गेलेले, डॉक्युमेंटेशन शून्य. टीममध्ये कोणालाच नकोय. मी या धंद्यात तेरा वर्षं आहे, चार कंपन्या झाल्या, आणि आजवर कुठेच 'लीड' नव्हतो. बरं काम करणारा, वेळेवर देणारा, पण नाव चटकन न आठवणारा असा एक माणूस प्रत्येक टीममध्ये असतो ना? तो मी :) उत्तर सोमवारी द्यायचंय.

तर मंडळी, आज केदार जाधवबद्दल.

अमेरिकन बेसबॉलमध्ये अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. मूळ शब्द कारागिरांचा. काम शिकून तयार झालेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजंदारीवर राबणारा कारागीर. केदारचा आयपीएलचा बायोडेटा बघा: दिल्ली, कोची, परत दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, परत बेंगळुरू. आपल्यातल्या कोणी इतक्या कंपन्या बदलल्या तर एचआर भुवया उंचावेल.

वडील वीज मंडळात कारकून. पोरगा पुण्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवत आणि पीवायसीवर खेळत वर आला. २०१२ साली त्याने गहुंजेला उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ केले. २०१३-१४ च्या रणजी मोसमात १२२३ रन, सहा शतकं, देशात सगळ्यात जास्त. त्याच वर्षी महाराष्ट्राने मुंबईला वानखेडेवर हरवलं आणि फायनल गाठली. (फायनल कर्नाटकाने घेतली. असो.) भारताकडून पहिली वनडे मिळाली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. ज्या वयात कोहली-रैना मंडळी मुरलेली होती, त्या वयात हा नवा जॉइनी!

पुढची दोन वर्षं आत-बाहेर. २०१५ मध्ये हरारेला एक शतक झालं, पण जागा काही पक्की होईना.

आणि मग १६ ऑक्टोबर २०१६, धर्मशाला. न्यूझीलंडविरुद्ध धोनीने त्याच्या हातात बॉल दिला. केदारने लागोपाठच्या दोन बॉलवर नीशम आणि सँटनरला काढलं. तीन ओव्हर, सहा रन, दोन विकेट.

वनडेत पन्नास ओव्हर्स आणि एका बॉलरला जास्तीत जास्त दहा. म्हणजे पाच बॉलर लागतातच. त्यातल्या एकाला मार पडला किंवा दुखापत झाली की कॅप्टन इकडेतिकडे बघायला लागतो. तिथे सहावा बॉलर लागतो. पूर्वी सचिन, सेहवाग, युवराज, रैना असे बॅट्समनच ते काम करायचे. २०१६ पर्यंत ती खुर्ची जवळजवळ रिकामी झाली होती. केदारची ऑफस्पिन म्हणजे काही प्रसन्ना नव्हे. पण हात इतका खालून यायचा की बॉल नडगीच्या उंचीवर सरपटत येई. खाली घुसून उचलायला उंची नाही, आणि बॅटवर घ्यायला वेग नाही. बॅट्समनला करायचं काय तेच सुचत नसे.

आता 'संयमाचं फळ' वगैरे गोष्ट सांगायची ही जागा. मला ती पटत नाही. संयम महाराष्ट्र टीममधल्या कितीतरी जणांकडे होता, ते आजही संयमच धरून आहेत. केदारला मोठी भूमिका मिळाली, कारण टीमला एक भोक पडलं होतं आणि तो ते बुजवायला उभा राहिला. ते काम त्याचं नव्हतं, तरीही.

पण थांबा. माझा एक जुना टीममेट याला लगेच आक्षेप घेईल. त्याचं ठाम मत, पडेल ते काम करणाऱ्याला शेवटपर्यंत पडेल तेच काम मिळतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. अशी माणसं मी पाहिलीत. एकदा सपोर्टचा फोन उचलला आणि दहा वर्षं तोच उचलत बसले.

केदारचं तसं का झालं नाही? उत्तर परत गहुंजेलाच आहे. १५ जानेवारी २०१७, रविवार. इंग्लंड ३५०. आपले ४ बाद ६३. समोर कोहली, आणि हा आत आला. ७६ बॉलमध्ये १२०! पायात गोळे आलेले, धावता येत नाही, तरी मारतोय. दोघांची २०० ची भागीदारी, आणि मॅच आपली. पुढच्या रविवारी कोलकात्याला ३२२ चा पाठलाग करताना ९०, आपण अवघ्या पाच रननी हरलो. मालिकावीर केदार. ऑफस्पिनने त्याला टीममध्ये उभं राहायला जागा करून दिली, पण त्या जागेचं सोनं केलं ते त्याच्या मूळ धंद्याने, म्हणजे बॅटिंगने. ३२७ आणि १२२३ आधी गाठीशी नसते, तर तो 'चार ओव्हर टाकणारा कोणीतरी' म्हणूनच संपला असता.

२०१८ च्या एशिया कप फायनलमध्ये तर दोन्ही एकत्र दिसलं. बांगलादेशची १२० ची सलामी त्यानेच फोडली. रात्री बॅटिंगला आला, हॅमस्ट्रिंग गेली म्हणून बाहेर गेला, विकेट पडल्या तसा लंगडत परत आला, आणि शेवटच्या बॉलवर टीम जिंकली तेव्हा क्रीजवर होता.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण २०१९ च्या वर्ल्डकपमध्ये त्याला बॉल फारसा दिलाच गेला नाही, आणि सेमीफायनलला तो बाहेर बसला. फेब्रुवारी २०२० नंतर वनडे नाही. त्याच वर्षी आयपीएलमध्ये कोलकात्याविरुद्ध १२ बॉलमध्ये नाबाद ७ काढल्यावर नेटवर त्याची जी टिंगल झाली ती विचारू नका. ७३ वनडे, ४२ ची सरासरी, १०० च्या वरचा स्ट्राइक रेट, २७ विकेट. आणि लोकांच्या लक्षात काय, तर ते सात रन. जून २०२४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

याला अन्याय म्हणावं का? मला नाही वाटत. उपयोगी पडून मिळवलेली जागा उपयोग असेपर्यंतच राहते, इतकंच. टीम तुमचे उपकार लक्षात ठेवत नसते, आणि कंपनी तर नाहीच नाही. पण म्हणून बॉल हातात घ्यायचाच नाही, हा शहाणपणा मला कळत नाही. स्टंपमागेच उभा राहिला असता तर मालेच्या त्या कीपरची जागा काही वाढली नसती. फक्त मॅच हरली असती.

तर माझा सोमवारचा हिशेब असा. जुनं मोड्यूल घेणार. पण माझं नेहमीचं काम सोडणार नाही, आणि ते 'तात्पुरतं' आहे की कायमचं, हे आधी लिहून मागणार. कीपर आणि बॉलर पण. नुसताच बॉलर नाही. त्या मामांच्या वाक्यात तो 'पन' फार महत्त्वाचा होता.

ताम्हिणी पुढच्या शनिवारी. मोड्यूलने सोडलं तर!