बॅकहँड मनगटाने नव्हे, पावलांनी

पावसाळा ओसरला की जिमखान्यांवरील टेनिसची मैदाने पुन्हा आखली जातात आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत माझ्या दवाखान्यात दुखरे कोपर घेऊन ज्येष्ठ मंडळी येऊ लागतात. चार वर्षांपूर्वी असेच एक ६७ वर्षांचे गृहस्थ आले होते. चहाचा कप उचलताना कळ येते, दाराची मूठ फिरवता येत नाही, असे सांगून ते म्हणाले, "डॉक्टर, बॅकहँड मारला की कोपरात वीज चमकते." निदान सोपे होते. मी औषध लिहून दिले आणि सहज म्हणालो, "काका, या वयात टेनिस आता पुरे."

त्यांनी माझे ऐकले. सात महिन्यांनी काकू त्यांना घेऊन आल्या. कोपर बरे होते. परंतु वजन पाच किलोंनी वाढले होते आणि रक्तातील साखरही वर गेली होती. काकू म्हणाल्या, "दिवसभर खुर्चीत बसून असतात. संध्याकाळी चार मित्र भेटायचे, तेही सुटलं." त्यांच्या बोलण्यात दोषारोप नव्हता, तरी चूक माझी होती. मी कोपर वाचवले आणि माणूस घरी बसवला. ज्या फटक्याने दुखत होते, तो फटका ते कसा मारतात हे मी विचारलेही नव्हते.

कोपराच्या बाहेरील बाजूस हाडाचा एक उंचवटा असतो. मनगट वर उचलणारे स्नायू तेथे कंडरेने, म्हणजे एका चिवट दोरीने, जोडलेले असतात. चाळिशीनंतर ही दोरी हळूहळू कमी लवचीक होते. तिच्यावर वारंवार झटके बसले की तिचे तंतू झिजतात आणि भरून येण्यास वेळ लागतो. यालाच 'टेनिस एल्बो' म्हणतात. गंमत अशी की, हा विकार होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट कधी हाती धरलेली नसते. कपडे पिळणारे, पाने-स्क्रूड्रायव्हर फिरवणारे हातही तितकेच दुखतात.

पुढच्या रविवारी मी काकांबरोबर मैदानावर गेलो. तेथील अनुभवी मार्करने चारच चेंडू टाकले आणि दोष दाखवून दिला. चेंडू शरीराच्या बाजूला येऊन पोहोचेपर्यंत काका समोर तोंड करून उभे राहत. मग घाईने कोपर पुढे काढून, मनगट खाली झुकवून ते चेंडू ढकलत. अशा वेळी फटक्याचा सारा धक्का त्या एका दोरीवर येतो. मार्कर म्हणाला, "साहेब, हात उशिरा जात नाही, पाय उशिरा जातात."

या वाक्यातच बॅकहँडची सुधारणा सामावलेली आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी ती क्रमाने सांगतो. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.

पहिली गोष्ट म्हणजे, चेंडू समोरच्याच्या रॅकेटवरून सुटताच खांदे डावीकडे वळवावेत. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवला की हे वळणे आपोआप घडते. दुसरी, लहान पावले टाकत जावे आणि उजवा पाय पुढे टाकून त्यावर भार द्यावा. तिसरी, चेंडू त्या पायाच्या थोडा पुढे, गुडघा आणि कंबर यांच्या दरम्यान असताना मारावा. चौथी, त्या क्षणी मनगट हाताच्या रेषेत स्थिर असावे; मूठ पक्की असावी, परंतु आवळलेली नसावी. जोर मांड्या, कंबर आणि खांदा यांतून येतो. हात तो फक्त पोहोचवतो.

दोन हातांच्या बॅकहँडमध्ये दुसरा हात भार वाटून घेतो, त्यामुळे दुखऱ्या कोपराला तो सोयीचा असतो. मात्र त्यात हात लांबवर पोहोचत नाही, म्हणून पावले अधिक टाकावी लागतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी स्लाइस शिकावा: रॅकेट खांद्याच्या उंचीवरून, किंचित उघड्या तोंडाने, खाली आणि पुढे न्यावी. ऑस्ट्रेलियाचे केन रोझवॉल हे याचे उत्तम उदाहरण. अंगाने ते इतके किरकोळ की सहकारी त्यांना थट्टेने 'मसल्स' म्हणत. पण त्यांचा स्लाइस बॅकहँड जगप्रसिद्ध होता आणि १९७४ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, विम्बल्डन व अमेरिकन खुली या दोन्ही स्पर्धांची अंतिम फेरी त्यांनी गाठली.

साधनांकडेही पाहावे. झिजलेली ग्रिप हाताला मूठ आवळायला लावते. तारांचा ताण दोन-चार पौंडांनी कमी केल्यास धक्का सौम्य होतो. ओले, जड झालेले चेंडू टाळावेत.

दुखणे सुरू असेल तर काही आठवडे बॅकहँड बंद ठेवावा. चालणे मात्र चालू ठेवावे. हात टेबलावर, तळवा खाली आणि मनगट कडेबाहेर ठेवून अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे आणि पाच अंक मोजत सावकाश खाली आणावे. असे दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणे टिकले तर वजन कमी करावे. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, म्हणून त्याचा मोह होतो. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, वर्षअखेरीस इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आढळली.

हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, सांधा सुजला असेल, मानेपासून कळ येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. श्रमाबरोबर हातात दुखून छातीत दडपण किंवा धाप जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी पाठमोरे धावू नये. आधी वळावे, मग जावे. त्या वयात खुब्याचे मोडलेले हाड दुखऱ्या कोपरापेक्षा फार महाग पडते.

घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. बादली उचलताना किंवा रुग्णाला कुशीवर वळवताना तळवे वर, कोपरे वाकलेली आणि अंगाजवळ ठेवावीत. जोर पायांतून द्यावा. ओली चादर हाताने पिळण्याऐवजी निथळत ठेवावी.

काका आज ७१ वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीनदा ते दुहेरी खेळतात आणि साखरही आटोक्यात आहे. त्यांचा बॅकहँड अजूनही बऱ्याचदा नेटमध्ये जातो. तेव्हापासून "हे बंद करा" असे लिहिण्यापूर्वी मी रुग्णाला एक प्रश्न विचारतो: "हे तुम्ही कसं करता, जरा दाखवता का?"