गृहारोग्य : कण्यांतील धातु आणि चुंबकाचें चित्र

पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया होऊन ज्यांच्या मणक्यांत स्क्रू व सळया बसविल्या आहेत, अशीं माणसें आतां अनेक कुटुंबांत आढळतात. कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं कंबर पुन्हां दुखूं लागते, पायास मुंग्या येतात, आणि डॉक्टर एम्. आर्. आय्. काढावयास सांगतात. मग घरांत दोन शंका उभ्या राहतात. एवढ्या प्रचंड चुंबकाजवळ पाठींतील धातु ओढला तर जाणार नाहीं ना? आणि न ओढला गेला, तरी त्या धातूमुळें चित्र कांहीं कामाचें येईल काय? पहिली शंका भयाची आहे. दुसरी शहाणपणाची आहे.

पहिलीचें उत्तर थोडक्यांत देतां येईल. रुग्णालयांतील नेहमीच्या यंत्राचें बळ १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट असतें. तथापि हल्लीं कण्यांत बसविण्यांत येणारे स्क्रू बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. हा धातु लोखंडासारखा चुंबकाकडे धांवत नाहीं; शिवाय स्क्रू हाडांत घट्ट रुतलेला असतो. म्हणून ठरवून दिलेल्या अटी पाळून असें चित्र बहुतेकांस निर्धास्तपणें काढतां येतें. हृदयाचा पेसमेकर, कण्याजवळ बसविलेलें वेदनाशामक विद्युद्यंत्र, औषधाचा पंप, कानांतील श्रवणयंत्र किंवा मेंदूंतील रक्तवाहिनीवरची जुनी क्लिप, यांची गोष्ट मात्र निराळी. यांपैकीं कांहींही शरीरांत असल्यास तें आधीं सांगितलेंच पाहिजे.

दुसऱ्या शंकेसाठीं हें यंत्र चित्र कसें रेखाटतें तें समजून घ्यावें लागेल. आपल्या शरीरांत पाणी व स्निग्धांश विपुल आहेत. त्यांतील हायड्रोजनचीं अणुकेंद्रें चुंबकाच्या क्षेत्रांत ठराविक गतीनें डोलूं लागतात, आणि ती गति क्षेत्राच्या बळावर अवलंबून असते. क्षेत्राचें बळ एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे क्रमानें वाढवीत नेलें, तर प्रत्येक जागेस जणूं स्वतःचा निराळा स्वर मिळतो व स्वरावरून जागा ओळखतां येते. पॉल लॉटरबर यांनीं १९७३ मध्यें या तत्त्वावर चित्र काढून दाखविलें. त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. डोळे मिटून हार्मोनियम ऐकणारा जाणकार जसा स्वरावरून कोणती पट्टी दाबली तें सांगतो, तसेंच हें यंत्र करतें.

आतां त्या पेटींतील कांहीं पट्ट्या बेसूर झाल्या असें समजा. ऐकणाऱ्याचा कान शाबूत असूनही तो चुकीची पट्टी सांगेल. धातु नेमकें हेंच करतो. तो आपल्या भोंवतालचें क्षेत्र वांकवितो, तेथील स्वर चढतात वा उतरतात, आणि यंत्र एका जागेचा भाग दुसऱ्या जागीं मांडतें. जेथें अनेक जागांचे स्वर एकत्र येतात तेथें पांढरा लखलखीत पट्टा उमटतो. जेथून स्वरच हरपतात तेथें काळा डाग दिसतो, आणि तो प्रत्यक्ष स्क्रूहून पुष्कळ मोठा असतो. हा काळा डाग म्हणजे हाडांतील पोकळी नव्हे, अथवा शस्त्रक्रिया बिघडल्याची खूणही नव्हे. चित्रांतील स्निग्धांश दाबण्याची नेहमीची पद्धतिही स्वरभेदावरच चालते. ती धातूपाशीं फसली कीं साधी चरबी सुजेसारखी चमकते. अडचण अशी कीं, जें पाहावयाचें असतें, म्हणजे दबलेली शीर, सांचलेलें रक्त, पू अथवा पुन्हां सरकलेली गादी, तें याच स्क्रूंच्या शेजारीं असतें.

सर्व धातु सारखे उपद्रवी नसतात. स्टेनलेस स्टील सर्वांत अधिक चित्र बिघडवितें, कोबाल्ट-क्रोमियम त्याहून कमी, आणि टायटॅनियम त्याहूनही कमी. पॉल हॅरिंग्टन यांनीं वांकलेल्या कण्यासाठीं प्रचारांत आणलेल्या व १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या सळया स्टीलच्या होत्या. ज्यांच्या पाठींत अशा जुन्या सळया अद्याप आहेत, त्यांचें चित्र काढणें अधिक कठीण असतें. कार्बनतंतूंचे स्क्रू जवळजवळ डागच पाडीत नाहींत. म्हणून जेथें गांठीवर वारंवार नजर ठेवावयाची असते, तेथें त्यांचा उपयोग करतात.

धातु बदलतां आला नाहीं, तरी चित्र काढण्याची रीत बदलतां येते. चुंबक जितका बलवान् तितका डाग मोठा. म्हणून अशा रुग्णासाठीं ३ टेस्लापेक्षां १.५ टेस्लाचें यंत्र बहुधा बरें. एर्विन हान यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘स्पिन एको’ या युक्तीनें डोलण्यांत पुढें गेलेल्या व मागें पडलेल्या अणुकेंद्रांस उलट फिरवून एका क्षणीं पुन्हां एकत्र आणतां येतें. त्यामुळें हरपलेला बराचसा भाग परत दिसूं लागतो. जागेची चूक मात्र तीनें सुधारत नाहीं. त्यासाठीं शेजारशेजारच्या जागांच्या स्वरांतील अंतर वाढवितात. मग स्वर तितकाच बिघडला तरी चित्रांतील भाग थोडाच सरकतो. चित्राचे थर पातळ घेतात. स्निग्धांश दाबण्यासाठीं स्वरभेद सोडून काळभेदावर चालणारी ‘स्टर’ ही पद्धति वापरतात. २००९ मध्यें ‘सेमॅक’ व ‘मॅव्हरिक’ या दोन पद्धति प्रसिद्ध झाल्या. त्या सरकलेल्या भागांची नोंद निराळी घेऊन गणितानें त्यांस स्वस्थानीं बसवितात. हें सर्व फुकट मिळत नाहीं. चित्र थोडें खरखरीत होतें, किंवा वेळ अधिक लागतो, आणि दुखऱ्या पाठीनें तितका वेळ निश्चल पडून राहावें लागतें. वेदनेवर आधीं कांहीं औषध घेतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारून ठेवावें.

घरच्या मंडळींचें काम येथेंच सुरू होतें. शस्त्रक्रियेचा कागद, बसविलेल्या साहित्याचें कार्ड व जुनीं चित्रें एकत्र ठेवावींत. कण्यांत धातु आहे हें यंत्राच्या दारांत नव्हे, वेळ ठरवितांनाच सांगावें. म्हणजे योग्य यंत्र व योग्य पद्धति योजतां येते. पूर्वीं गादी काढली असेल, तर व्रणाची ऊति कोणती व नव्यानें सरकलेली गादी कोणती, हें ओळखण्यासाठीं कधीं गॅडोलिनियमचें इंजेक्शन देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधीं कळवावा.

अहवाल हातीं आल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : स्क्रूजवळची शीर स्पष्ट दिसली काय? ‘तेथें दोष नाहीं’ आणि ‘तेथें दिसलें नाहीं’ या दोन वाक्यांत महदंतर आहे. दिसलें नसेल तर मार्ग खुंटत नाहीं. स्क्रू सैल झाला आहे काय, किंवा हाड जुळलें आहे काय, हें सी. टी. चित्रांत अधिक चांगलें कळतें. कण्याच्या द्रवांत औषध सोडून काढलेल्या सी. टी. चित्रांत दबलेली शीरही ओळखतां येते.

परंतु लघवी अडकणें वा नकळत होणें, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणें, पायांतील शक्ति जाणें, ताप येणें किंवा जखमेंतून स्राव होणें, यांपैकीं कांहींही घडल्यास चित्राच्या स्पष्टास्पष्टतेचा वाद घालीत बसूं नये. त्याच दिवशीं शल्यवैद्याकडे जावें. चित्र हें वैद्याचें साधन आहे. रुग्णाच्या अंगीं प्रत्यक्ष दिसणारीं लक्षणें हा त्याहून मोठा पुरावा होय.